सायलेन्सरचे सांधे, हौशी मोटारगाडीतील

सायलेन्सरचे सांधे, हौशी मोटारगाडीतील : इंजिनातला जळका वायू मॅनिफोल्ड किंवा त्याऐवजी बसवलेल्या, नळ्यांनी घडवलेल्या हेडरमधून गाडीच्या शेपटापर्यंत नेणाऱ्या नळ्यांचे जोड व ते गळू नयेत म्हणून करायची बांधणी. गॅरेजात या अख्ख्या नळकांड्याला ‘सायलेन्सर’, मॅनिफोल्डला ‘मेनफोल’ आणि गॅस्केटला ‘पॅकिंग’ म्हणतात. सांधा गळू लागला की गाडी ‘फुंकते’. कारखान्यातून आलेल्या गाडीत हे जोड वर्षानुवर्षे टिकतात. हौसेने उघडलेल्या, इंजिन बदललेल्या किंवा हेडर घडवून बसवलेल्या गाडीत मात्र पहिली कुरबूर बहुधा इथूनच सुरू होते.

महाराष्ट्रातील हौशी गाड्यांत महिंद्राच्या जुन्या जीप, मारुती जिप्सी, मारुती ८०० (१९८३–२०१४) आणि कुर्ल्याला बनलेली प्रीमियर पद्मिनी या ठळक होत. बीड जिल्ह्यासारख्या (गाडी क्रमांक एमएच-२३, अंबाजोगाई विभागात एमएच-४४) बालाघाटाच्या डोंगररांगेवरच्या मुलखात सांध्यांची कसोटी जास्त लागते. मांजरसुंब्याचा किंवा धारूरचा घाट भरल्या गाडीने चढताना मेनफोल लालबुंद होण्याच्या बेतात येतो. उतारावर पाय ॲक्सिलरेटरवरून निघाला की तोच मेनफोल झपाट्याने निवतो. पावसाळ्यात ओढ्याचे पाणी तापल्या बिडावर उडाले तर तडा जाण्याची भीती असते. (बीड म्हणजे येथे ओतीव लोखंड, जिल्हा नव्हे.)

गळतीचे मूळ बहुतेक वेळा पॅकिंगमध्ये नसते, धातूच्या हालचालीत असते. पेट्रोल इंजिनात पूर्ण भारावर हेडजवळचा वायू साधारण ७०० ते ९०० अंश सेल्सियसपर्यंत तापतो. डिझेलचा त्याहून थंड. चार सिलिंडरच्या इंजिनावरचा ४० सेंटिमीटर लांबीचा बिडाचा मेनफोल ५०० अंशांनी तापला तर सुमारे सव्वादोन मिलिमीटर वाढतो. त्याला चिकटलेले ॲल्युमिनियमचे हेड अंशामागे बिडाच्या दुप्पट फुगते, पण पाण्याने थंड राखलेले असल्याने ते जेमतेम पाऊण मिलिमीटर वाढते. म्हणजे तापण्या-निवण्याच्या दर फेरीला मेनफोल हेडवर दीड मिलिमीटर सरकू पाहतो. म्हणून मेनफोलच्या टोकाची भोके स्टडपेक्षा (हेडमध्ये रुतलेल्या आट्यांच्या दांड्यांपेक्षा) मोठी ठेवलेली असतात, आणि म्हणूनच ‘अजून थोडं आवळ’ हा सल्ला इथे घातक ठरतो : सरकायला जागा उरली नाही की स्टड तुटतो किंवा मेनफोल वाकतो. जुन्या जीपमधल्या विलिस हरिकेन इंजिनाची रचना वेगळी. त्यात इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये, एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. मेनफोल बिडाच्या ब्लॉकच्या कुशीला बसतो. दोन्ही बाजू एकाच धातूच्या असल्या तरी तापमानातला फरक राहतोच.

मेनफोल आणि हेड. हा सर्वांत तापट सांधा. जुने पॅकिंग काढताना सावध राहावे. राखाडी, तंतुमय पॅकिंग ॲस्बेस्टॉसचे असू शकते. ते कोरडे खरवडू किंवा कानसू नये, ओले करूनच काढावे. जागा स्वच्छ झाल्यावर फ्लँजवर (मेनफोलच्या तोंडाच्या सपाट कडेवर) स्टीलची सरळ पट्टी उभी धरून पलीकडून उजेड टाकावा. पट्टीखालून प्रकाशाची रेघ दिसली तर तिथे फीलर गेज सरकवून पाहावा. ०.१ मिलिमीटरचे पाते सहज शिरले तर फ्लँज वाकला आहे, आणि मग कितीही महाग पॅकिंग घातले तरी तो फुंकणारच. लेथवाल्याकडून किंवा सरफेस ग्राइंडरवर तोंड सपाट करून घेणे हाच उपाय. घडवलेल्या हेडरला ८ ते १० मिलिमीटर जाडीची फ्लँज-पट्टी वापरतात ती याचसाठी. पातळ पट्टी वेल्डिंगच्या उष्णतेनेच केळ्यासारखी वळते. नळ्या जोडताना फ्लँज जाड पाटाला किंवा जुन्या हेडला आवळून ठेवला तर वाक बराच आटोक्यात राहतो.

पॅकिंगमध्ये ग्रॅफाइट-पत्र्याचे किंवा अनेक पदरी पोलादाचे चांगले. तांब्याचेही चालते, ते लाल होईपर्यंत तापवून पाण्यात बुडवले की मऊ पडते आणि तोंडाशी नीट बसते. लोखंडाच्या उलट वागणारा हा धातू नवशिक्याला बुचकळ्यात टाकतो. नट मधल्या स्टडपासून बाहेरच्या दिशेने, दोन-तीन हप्त्यांत आवळावेत. आठ मिलिमीटरच्या स्टडला साधारण २० ते २५ न्यूटन-मीटर पुरेसे होतात. गाडीच्या पुस्तिकेत दिलेला आकडा असेल तर तोच धरावा. इंजिन दोन-चारदा तापून निवल्यावर, थंड असताना, पुन्हा एकदा पाना लावून पाहणे आवश्यक असते. हे शेवटचे काम सर्वांत सोपे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे आहे.

गंजून बसलेला नट जोराने फिरवला तर स्टड हेडमध्येच तुटतो, आणि तासाभराचे काम आठवडाभर लांबते. त्यावर जुन्या मिस्त्रींची युक्ती अशी, की नट गॅसने शेकून किंचित निवू द्यायचा, मग त्याच्या मुळाशी मेणबत्ती टेकवायची. वितळलेले मेण आट्यांत झिरपते. नंतर नट थोडा पुढे, थोडा मागे करत सोडवायचा. (शेकण्यापूर्वी पेट्रोलची नळी दूर केलेली हवी, हे वेगळे सांगायला नको.) परत बसवताना पितळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेले नट आणि निकेलयुक्त अँटी-सीझ वापरले तर पुढच्या माणसाचे दुवे मिळतात.

पुढचे जोड. आडव्या बसवलेल्या इंजिनाच्या गाडीत गिअर टाकताच इंजिन मागेपुढे डोलते. तिथे घट्ट फ्लँज टिकत नाही. गोलसर बसकेची रिंग आणि स्प्रिंग लावलेले बोल्ट, किंवा जाळीदार लवचीक तुकडा लागतो. स्प्रिंग दाबून सपाट करणे हा गैरसमजातून होणारा प्रकार : तिने दाब द्यायचा असतो, सांधा जखडायचा नसतो.

एकात एक घातलेल्या नळ्यांत इंजिनाकडची नळी आत आणि मागची बाहेर हवी, म्हणजे वायूचा झोत कडेवर आदळत नाही. दीड-दोन इंच एकमेकींत गेल्या की पुरे. यू-क्लँप नळी चेपतो, त्यामुळे ती पुन्हा सहज सुटत नाही. रुंद पट्टीचा क्लँप महाग पण उघडता येणारा. वारंवार खोलायच्या गाडीला व्ही-बँड सर्वांत सोयीचा. एक मीटर साधी पोलादी नळी ५०० अंशांना सहा मिलिमीटर लांबते, स्टेनलेस सुमारे साडेआठ. ही वाढ टांगणीच्या रबरांनी झेलायची असते. रबरे तुटून नळीचा भार मेनफोलवर आला, की पुढचा सांधा उघडतो आणि दोष पॅकिंगला दिला जातो.

लेप. तांबड्या किंवा तांब्याच्या रंगाचा सिलिकॉन लेप साधारण साडेतीनशे अंशांच्या आसपास हार मानतो. तो मागच्या सांध्यांनाच लावावा. सोडियम सिलिकेटची, भाजून दगड होणारी लांबी हजार अंशांपर्यंत टिकते, पण ठिसूळ असते. एकात एक घातलेल्या नळ्यांच्या फटीत ती चांगली. मेनफोलच्या तोंडावर थापली तर हालचालीने भेगाळून निघते. बॉडीवाली लांबी इथे जळून जाते. लेप हा सपाट तोंडाचा जोडीदार आहे, वाकड्या तोंडाचा पर्याय नव्हे.

गळती शोधणे. थंड इंजिन सुरू करताच टिकटिक ऐकू येते, तापल्यावर धातू फुगून ती दबते. व्हॉल्व्हचा आवाज समजून टॅपेट आवळणारे पुष्कळ. सांध्यापाशी काजळीची काळी रेघ हा पक्का पुरावा. इंजिन थंड आणि बंद असताना शेपटातून व्हॅक्यूम क्लीनरची उलटी हवा सोडून सांध्यांवर साबणाचे पाणी फवारले, की बुडबुडे जागा दाखवतात. कार्बोरेटरच्या गाडीत उतारावर फटाके वाजणे हेही बाहेरची हवा आत शिरत असल्याचे लक्षण. ऑक्सिजन सेन्सर असलेल्या इंजिनात सेन्सरपुढच्या गळतीतून शिरलेली हवा इंधन कमी पडल्याचा भास निर्माण करते आणि संगणक पेट्रोल वाढवतो. आवाजाची मौज वाटत असली तरी कार्बन मोनॉक्साइडला रंग-वास नसतो. मेनफोलजवळची गळती फायरवॉलच्या भोकांतून थेट बसणाऱ्यांपर्यंत पोचू शकते.

नियम. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२० नुसार आवाज कमी करणारे साधन प्रत्येक मोटारीला सक्तीचे आहे, आणि नियम ११३ नुसार एक्झॉस्टची नळी इंधनाच्या नळीपासून ३५ मिलिमीटरच्या आत असता कामा नये. घडवलेला हेडर बसवताना हेच अंतर हमखास मोडते. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षांवरील, मूळ रूपातील बिगर-व्यावसायिक गाड्यांना व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नोंदणी मिळू लागली. तीत मोठे फेरफार चालत नाहीत. पीयूसी चाचणीत भारत स्टेज-२ पूर्वीच्या पेट्रोल चारचाकीला कार्बन मोनॉक्साइड ३ टक्क्यांपर्यंत चालतो, स्टेज-२ व ३ ला ०.५ टक्के. फुंकणाऱ्या सांध्यातून हवा मिसळली की यंत्रावर हा आकडा प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो, त्यामुळे गळकी गाडी चाचणीत उत्तीर्ण होते आणि कार्बोरेटरचा खरा दोष झाकला जातो.