गावनोंदणी (दख्खन, १८७९)

गावनोंदणी : शेतकऱ्याने करून द्यावयाचा कर्जरोखा, गहाणखत वा खरेदीखत सरकारी निबंधकाच्या देखरेखीखाली लिहिले जावे, पक्षकारांना मोठ्याने वाचून दाखवले जावे आणि मगच त्यावर सही-निशाणी व्हावी, अशी मुंबई इलाख्यातील व्यवस्था. दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने (१८७९ चा १७ वा) ती आणली. हा कायदा मुख्यतः पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या जिल्ह्यांसाठी होता.

पार्श्वभूमी : १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे सावकारांविरुद्ध दंगा उसळला व पुणे-नगर भागातील इतर गावांत पसरला. दंगेकऱ्यांचा रोख कर्जरोखे व हुकूमनामे यांवर होता. सावकाराने कागद निमूट हवाली केले तेथे बहुधा पुढे काही झाले नाही, असे चौकशी आयोगाला आढळले. कागदावरच्या या रागाचे मूळ बऱ्याच अंशी १८५९ च्या मुदत कायद्यात आहे. साध्या रोख्यावर दावा लावण्याची मुदत तीन वर्षांवर आली, तेव्हा सावकार मुदत संपायच्या आत खाते नवे-जुने करून घेऊ लागला. थकलेले व्याज मुद्दलात मिळे व नवा रोखा वाढीव रकमेचा होई. मोडी न वाचता येणारे कूळ खाली नांगराची निशाणी करी. रोखा सिद्ध झाला की न्यायालय सहसा त्याच्या मागे जात नसे. पुष्कळ दाव्यांत प्रतिवादी हजरही नसे आणि एकतर्फी हुकूमनामा होई.

तरतुदी : कायद्याविषयीच्या लेखनात कर्जाचा पूर्वेतिहास तपासण्याचा न्यायालयाचा अधिकार (कलम १२) व हिशेबाची रीत (कलम १३) यांनाच जास्त जागा मिळते. कराराच्या सुबोधतेच्या दृष्टीने खरे नावीन्य गावनोंदणीच्या आठव्या प्रकरणात आहे. निबंधक नेमलेल्या क्षेत्रात शेतकऱ्याने या रीतीने न केलेला दस्त पुराव्यात घेता येत नसे. पक्षकारांना वाचता येत नसेल तर दोन प्रतिष्ठित साक्षीदारांची साक्ष लागे.

कलम ५९ सर्वांत बारकाईचे. मोबदला किती व कोणत्या स्वरूपाचा, हे दस्तात पूर्ण लिहावे लागे. रक्कम आपल्यादेखत दिली गेली की नाही, याचा शेरा निबंधक स्वहस्ते मारी. नवा रोखा जुन्याच्या जागी होत असेल, तर जुना कागद हजर करून त्याचे वर्णन नव्यात करावे लागे आणि जुन्यावर निबंधकाची खूण होई. म्हणजे ‘शंभर रुपये रोख पावलो’ एवढ्यावर काम भागत नसे. त्यांतले मागचे देणे किती आणि आज हातावर किती पडले, हे उघड व्हावे असा हेतू होता. नवे-जुने करण्याची खोड याहून नेमकी क्वचितच हेरली गेली असेल.

नवव्या प्रकरणाने भरणा केल्याची लेखी पावती, वार्षिक हिशेब व पासबुक मागण्याचा हक्क ऋणकोस दिला.

अंमल : कायद्याखालील कामकाजावर देखरेखीसाठी विशेष न्यायाधीश असे. महादेव गोविंद रानडे यांनी मुंबई उच्च न्यायालयात जाण्यापूर्वी हे पद सांभाळले.

परिणाम : कायद्याने शेतकऱ्याचे संरक्षण केले की त्याची पत आटवली, याविषयी मतभेद आहेत. गहाणाऐवजी खरेदीखत करून घ्यायचे आणि पैसे फिटल्यावर जमीन परत देण्याची बोली तोंडीच ठेवायची, ही पळवाट मात्र चांगलीच रुळली. असा दस्त वाचायला अगदी सोपा असे. खोट व्यवहारात होती. म्हणून पुढे कलम १०अ घालून, कागद काहीही म्हणो, व्यवहाराचे खरे स्वरूप ठरवण्याचा अधिकार न्यायालयास देण्यात आला.

नंतरचे कायदे : मुंबई शेतकरी कर्जनिवारण कायदे (१९३९, १९४७).

अलीकडील तरतूद : कर्जाचा मजकूर ऋणकोला समजावा, हाच हेतू आजच्या नियमांतही दिसतो. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०२४ च्या परिपत्रकानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ तसेच सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदतकर्जांसाठी ‘मुख्य तथ्य विवरण’ देणे सक्तीचे आहे. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे, त्यातील मजकूर समजावून सांगावा लागतो व समजल्याची पोच घ्यावी लागते. विवरणात नसलेले शुल्क कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून आकारता येत नाही.