'मेरी ख्रिसमस' की 'हॅपी हॉलिडेज'? : अमेरिकेतील नाताळ, कायदा आणि शुभेच्छा

दरवर्षी डिसेंबर महिन्यात अमेरिकेत स्थायिक झालेल्या आप्तांकडून आपल्या धर्मग्रामांतील अनेक घरी शुभेच्छा येतात. काहींवर 'मेरी ख्रिसमस' असते, तर काहींवर नुसतेच 'हॅपी हॉलिडेज' किंवा 'सीझन्स ग्रीटिंग्ज'. ख्रिस्तजन्माच्या सणातून ख्रिस्ताचेच नाव का वगळले जाते, त्या देशात ते उच्चारण्यास मनाई आहे काय, असे प्रश्न भाविकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. मनाई मुळीच नाही. तथापि या विषयामागे मोठा इतिहास आहे, आणि तो ठाऊक नसल्यामुळे अनेक गैरसमज रूढ झाले आहेत. म्हणून तो येथे काहीशा विस्ताराने मांडत आहोत.

प्रथम 'मेरी ख्रिसमस' या शब्दांविषयी. त्यांच्या सर्वांत जुन्या ज्ञात लेखी उल्लेखांपैकी एक २२ डिसेंबर १५३४ च्या एका पत्रात सापडतो. पत्रलेखक होते इंग्लंडमधील रॉचेस्टरचे बिशप जॉन फिशर. आठव्या हेन्री राजाने मागितलेली शपथ घेण्यास नकार दिल्यामुळे ते लंडनच्या टॉवरमध्ये बंदिवान होते. अंगावरचे कपडे फाटलेले, पोट नाजूक आणि अन्न न सोसणारे, अशा अवस्थेत त्यांनी राजाचा मंत्री थॉमस क्रॉमवेल याच्याकडे कपडे, पथ्याचे अन्न व काही पुस्तके मागितली. सण जवळ आल्याने प्रायश्चित्त संस्कारासाठी एक धर्मगुरू पाठवावा, अशीही विनंती केली. आणि पत्राच्या शेवटी त्याच मंत्र्यास आनंदी नाताळ चिंतिला. २२ जून १५३५ रोजी त्यांचा शिरच्छेद झाला; १९३५ साली पोप अकरावे पायस यांनी त्यांना संत घोषित केले. या शुभेच्छेचा उगम आपल्या ख्रिस्तसभेच्या एका रक्तसाक्ष्याच्या कोठडीपर्यंत पोहोचतो, हे आपल्यातील फार थोड्यांना ठाऊक असते. पुढे १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल यांनी पहिले छापील नाताळपत्र विक्रीस काढले. त्यावर हेच शब्द होते आणि तेथून ते सर्वत्र रूढ झाले.

जाता जाता 'एक्समस' विषयी. हा शब्द ख्रिस्ताचे नाव खोडण्यासाठी निघाला, असा समज आपल्याकडेही आहे. वस्तुतः त्यातील 'एक्स'सारखे दिसणारे अक्षर ग्रीक भाषेतील 'खी' होय. 'ख्रिस्तोस' या नावाचे ते आद्याक्षर असून ख्रिस्ती लेखक शतकानुशतके ते संक्षेप म्हणून वापरीत आले आहेत. त्यावर रागावण्याचे कारण नाही.

आता अमेरिकेकडे वळू. तेथील मॅसॅच्युसेट्स वसाहतीत नाताळावर खरीखुरी कायदेशीर बंदी आली होती, आणि ती घालणारे नास्तिक नव्हते, तर प्युरिटन पंथाचे कडवे ख्रिस्ती होते. १६५९ च्या कायद्यानुसार नाताळ पाळणाऱ्यास पाच शिलिंग दंड होई. बायबलमध्ये या सणाची तारीख नाही, तो रोमन कॅथलिकांचा प्रघात आहे आणि त्या निमित्ताने दंगामस्ती चालते, असे त्यांचे आक्षेप होते. १६८१ साली हा कायदा रद्द झाला. त्यानंतरही न्यू इंग्लंडमध्ये कित्येक पिढ्या २५ डिसेंबर हा कामाचाच दिवस राहिला. मॅसॅच्युसेट्सने १८५६ साली त्या दिवसाची सुट्टी मान्य केली, तर संघराज्याच्या कायद्यात ती १८७० साली आली. आयरिश व जर्मन स्थलांतरितांनी आपापले नाताळ सोबत आणले होते, हे त्यामागचे एक मोठे कारण.

'हॅपी हॉलिडेज' हा प्रकार अलीकडचा असल्याचे मानले जाते. तेही तितकेसे खरे नाही. १९४२ सालच्या 'हॉलिडे इन' या चित्रपटात अर्व्हिंग बर्लिन यांचे 'हॅपी हॉलिडे' हे गीत आहे. बर्लिन ज्यू होते आणि गायक बिंग क्रॉस्बी कॅथलिक. 'व्हाइट ख्रिसमस' हे गीतही त्याच चित्रपटातले. नोव्हेंबरचा चौथा गुरुवार हा तेथील 'थँक्सगिव्हिंग'चा दिवस. तेव्हापासून नववर्षापर्यंत सण एकामागून एक येतात, ज्यू धर्मीयांचा हनुक्काही बहुधा याच सुमारास येतो. अशा सर्वांना एकाच वाक्यात शुभेच्छा देणे व्यापाऱ्याला सोयीचे. शिवाय 'हॉलिडे' या शब्दाचा मूळ अर्थ 'पवित्र दिवस' असा आहे. आपल्या मराठीत सण वेगळा आणि सुट्टी वेगळी. 'सुट्ट्यांच्या शुभेच्छा' असे कोणी म्हटले तर हसूच येईल. इंग्रजीने मात्र दोन्ही अर्थ एकाच शब्दात साठवले आहेत. आपल्या 'नाताळ' शब्दात तर प्रश्नच उद्भवत नाही: तो पोर्तुगीज 'नाताल'वरून आला असून त्याचा अर्थच जन्म.

खरा वाद आहे तो शासनाच्या भूमिकेचा. अमेरिकेच्या राज्यघटनेतील १७९१ ची पहिली दुरुस्ती दोन गोष्टी सांगते: शासनाने कोणताही धर्म प्रस्थापित करू नये, आणि नागरिकाच्या धर्माचरणात अडथळा आणू नये. दुकानदार, शेजारी, परिचारिका यांनी कोणती शुभेच्छा द्यावी, याच्याशी घटनेचा काहीही संबंध नाही. ती बांधते शासनाला. नगरपालिकेच्या चौकात वा न्यायालयाच्या इमारतीत गव्हाणीचा देखावा मांडला, की प्रश्न उभा राहतो.

र्‍होड आयलंडमधील पॉटकेट नगरपालिकेने १९७३ साली १,३६५ डॉलर खर्चून असा देखावा विकत घेतला. बाजारपेठेजवळील उद्यानात सांताक्लॉजचे घर, रेनडिअर, नाताळवृक्ष व 'सीझन्स ग्रीटिंग्ज'चा फलक यांच्या सोबतीने तो मांडला जाई. १९८४ साली सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो वैध ठरवला. पुढे १९८९ साली पिट्सबर्ग येथील प्रकरण आले. कॅथलिकांच्या होली नेम सोसायटीने दिलेला गव्हाणीचा देखावा जिल्हा न्यायालयाच्या भव्य जिन्यावर मांडला होता. वर देवदूताच्या हाती 'परमोच्च स्वर्गात देवाचा गौरव' या अर्थाचे लॅटिन शब्द होते. जवळपास सांताक्लॉज नव्हता. न्यायालयाने तो अवैध ठरवला. मात्र त्याच निकालात, दुसऱ्या एका शासकीय इमारतीबाहेर ४५ फुटी नाताळवृक्षाशेजारी उभारलेला १८ फुटी हनुक्का दीपवृक्ष मान्य झाला.

या दोन निकालांचा एकत्र अर्थ विलक्षण आहे. शासकीय जागेत बाळ येशू चालेल, पण त्याच्याभोवती पुरेशी खेळणी हवीत! पॉटकेट प्रकरणातील विरोधी मताच्या न्यायमूर्ती ब्लॅकमन यांनी हेच दाखवून दिले होते: या विजयात गव्हाणीचा धार्मिक अर्थच हरवतो, ती बाजारपेठेच्या सजावटीचा भाग होते. आमच्या मते या साऱ्या वादात श्रद्धेच्या बाजूने झालेला सर्वांत मार्मिक युक्तिवाद हाच, आणि तो देखाव्याच्या विरोधात मत देणाऱ्याने केला.

त्यानंतर वारे बदलले आहे. २०१३ साली टेक्सास राज्याने शाळांतून 'मेरी ख्रिसमस', 'हॅपी हनुक्का' व 'हॅपी हॉलिडेज' म्हणण्याची मुभा कायद्याने स्पष्ट केली. २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाने मेरीलँडमधील ४० फुटी स्मारक-क्रूस कायम ठेवला, आणि २०२२ साली, शासन धर्माला पाठिंबा देत असल्याचा भास होतो का ही जुनी कसोटी आपण सोडली असल्याचे सांगितले.

शुभेच्छांचे भांडण सर्वाधिक पेटले ते २००५ साली. दुकानांच्या जाहिरातींतून 'ख्रिसमस' गायब झाल्याचा आरोप करून ख्रिस्ती संघटनांनी बहिष्काराची हाक दिली. वॉलमार्टविरुद्ध ती देणाऱ्यांत कॅथलिक लीगही होती. राष्ट्राध्यक्ष बुश यांच्या पत्रावर 'हॉलिडे सीझन' छापल्याने तेही टीकेतून सुटले नाहीत. त्याच पत्रात स्तोत्रसंहितेतील वचन होते, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. २००६ साली वॉलमार्टने पुन्हा 'मेरी ख्रिसमस' स्वीकारले.

या आंदोलनासाठी 'छळ' हा शब्द वापरला जातो, तो मात्र आम्हाला मान्य नाही. २००७ च्या नाताळात ओडिशातील कंधमाळ येथे आपल्या बांधवांची चर्च व घरे जाळली गेली. २५ डिसेंबर २०११ रोजी नायजेरियातील मडाला येथे नाताळच्या मिस्सानंतर संत तेरेजा चर्चबाहेर बॉम्बस्फोट होऊन कित्येक भाविक मृत्यू पावले. तो छळ होय. दुकानाच्या गल्ल्यावरील मुलीने, समोरच्याचा धर्म ठाऊक नसताना, सुट्ट्या सुखाच्या जावोत असे म्हणणे हा छळ नव्हे. सार्वजनिक जीवनातून श्रद्धेला अलगद बाजूला सारले जात आहे, ही तक्रार मात्र खोटी नाही. शाळा वा कचेरीत एखादा अधिकारी कायद्याच्या धास्तीने, कायद्याने मागितलेल्याहून अधिक गाळतो. तेथे पालकांनी नियम दाखवून शांतपणे विचारणा करणे योग्यच.

अमेरिकेतील आपल्या कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट नोंदवून ठेवतो. तेथील दुकानांचा नाताळ थँक्सगिव्हिंगच्या आधीच सुरू होतो आणि २६ डिसेंबरला झाडे पदपथावर येऊन पडतात. उपासना-वर्षानुसार तोपर्यंत नाताळकाळाचे जेमतेम दोन दिवस झालेले असतात. डिसेंबरचे पहिले तीन आठवडे आगमनकाळाचे, प्रतीक्षेचे असतात. नाताळकाळ २४ डिसेंबरच्या सायंप्रार्थनेपासून जानेवारीतील प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणापर्यंत चालतो, आणि तितके दिवस 'मेरी ख्रिसमस' म्हणता येते.