‘तेच पाणी पुन्हा’

२३. मत्स्यपालनात तेच पाणी पुन्हा कसे वापरतात, हे लेखकाने एका वाक्यात उरकले आहे; खरी मेख मात्र इथेच आहे. माशांच्या टाकीतून बाहेर पडणारे पाणी आधी ड्रम फिल्टरच्या बारीक जाळीतून जाते. तिथे विष्ठा आणि उरलेले खाद्य अडते. पण माशांच्या कल्ल्यांतून सुटणारा अमोनिया पाण्यात विरघळलेला असतो, तो जाळीला दाद देत नाही. त्याचा बंदोबस्त बायोफिल्टरमधले जिवाणू करतात. प्लॅस्टिकच्या खाचदार तुकड्यांवर त्यांचा बुळबुळीत थर धरतो. काही जिवाणू अमोनियाचे नायट्राइट करतात, दुसरे त्याचे बरेच सौम्य असे नायट्रेट. हा थर जमायला ४ ते ६ आठवडे सहज लागतात. तेवढा धीर न धरता टाकी मत्स्यबीजाने भरली, तर नायट्राइट साचते, माशांचे रक्त तपकिरी पडते आणि पाण्यात ऑक्सिजन असूनही ते गुदमरतात. अमोनियाचे नायट्रेट होण्याच्या प्रक्रियेत पाण्यातले बायकार्बोनेट खर्ची पडून सामू घसरतो, म्हणून खाण्याचा सोडा घालत राहावे लागते. साचलेल्या नायट्रेटसाठी रोज थोडे पाणी बदलतात. वीज गेली, तर हवेचा पुरवठा थांबून दाटीने ठेवलेले मासे काही मिनिटांतच तडफडू लागतात. जनरेटरचा खर्च लेखकाच्या हिशेबात कुठे दिसत नाही. – संपादक