कोकणचे घर आणि मुंबईची खोली : एका स्थलांतराचा जमाखर्च



दुरून डोंगर साजरे, अशी आपल्याकडे म्हण आहे. कोकणचे डोंगर मात्र जवळूनही साजरेच दिसतात. अडचण येते ती त्या डोंगरांत राहून बारा महिने चूल पेटती ठेवण्याची. मुंबई-ठाण्याच्या घरभाड्याने आणि लोकलच्या गर्दीने जेरीस आलेले आमचे सभासद आम्हांला पुष्कळदा विचारतात, "गावाला घर आहे, भाडे नाही, भात घरचे आहे; मग तिकडेच जाऊन का राहू नये?" आम्ही विद्यापीठाची पायरी चढलेलो नाही. आमचे शिक्षण युनियनच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. तरीसुद्धा पगारपत्रक कसे वाचावे हे आम्हांला कळते, आणि त्याच दृष्टीने या प्रश्नाकडे पाहावे असे आम्हांस वाटते. हा प्रश्न नवा नाही. कोकणातले कुटुंब तो दीडशे वर्षांहून अधिक काळ सोडवीत आले आहे.

प्रथम हे पाहू की, इतका रम्य मुलूख सोडून माणसे गेली का? पाऊस अमाप, परंतु जमीन कातळाची आणि डोंगरउताराची. एक पावसाळी पीक निघाले की शेत मोकळे. जे पिके त्यातही खोताचा वाटा. कोठे अर्धेल, कोठे तिर्धेल, आणि वर वेठबिगार. अलिबागजवळच्या चरी गावच्या कुळांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 अशी सहा वर्षे जमिनी पडीक ठेवून संप केला, यावरून तो जाच किती असेल याची कल्पना करावी. डॉ. आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक 1937 साली मुंबई विधिमंडळात मांडले; प्रत्यक्ष कायदा व्हायला 1949 साल उजाडले. तेव्हा मंडळी मुंबईला गेली ती हौसेने गेली नाहीत. शेतसारा, खोताचे देणे, सावकाराचे व्याज यांना रोख पैसा लागे, आणि रोख पैसा गावात नव्हता.

तो मुंबईत होता. कावसजी नानाभाई दावर यांची कापडगिरणी 1856 साली ताडदेवला चालू झाली आणि तिच्यामागून गिरण्यांची रांग लागली. 1911च्या खानेसुमारीत मुंबईच्या गिरणीमजुरांपैकी जवळजवळ निम्मे लोक रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले आढळले. तेव्हाच्या रत्नागिरीत आजचा सिंधुदुर्गही मोडत असे. आगबोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरायचे, गाववाल्याच्या खोलीत वळकटी टाकायची आणि जॉबरच्या ओळखीने खात्यात लागायचे, हा शिरस्ता पडला.

आता मुंबईचा खर्च पाहा. सरकारी मजूर कचेरीने 1921-22 साली कामगारांच्या घरखर्चाची पाहणी केली. कमाईतला निम्म्याहून अधिक भाग एकट्या अन्नावर जाई, आणि जवळजवळ सर्वच कुटुंबे एका खोलीत राहत. पुढे बांधलेल्या बी.डी.डी. चाळींतली खोलीदेखील 160 चौरस फुटांचीच. अशा एका खोलीत दहा-पंधरा एकटे पुरुष पाळीपाळीने झोपत. दिवसपाळीचा उठला की रातपाळीचा त्याच चटईवर आडवा होई. जेवण खानावळवाल्या बाईकडे. त्या बायका पहाटेपासून राबून गिरणगावाला जेवू घालीत. त्यांना संघटित करण्यासाठी प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढले ते 1975 साली, म्हणजे गिरण्या सुरू होऊन शंभरावर वर्षे उलटल्यावर. खोलीचे भाडे कमी होते, कारण ते दहा डोक्यांवर वाटले जाई, आणि 1947च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर तर ते गोठलेच.

येथे आम्ही श्रोत्यांचे लक्ष एका गोष्टीकडे मुद्दाम वेधतो. गिरणीचा पगार एका पुरुषाचे पोट भरून थोडी मनिऑर्डर करण्याइतका होता. बायको, मुले, म्हातारे आईबाप यांच्यासह शहरात संसार मांडण्याइतका बहुतेकांना कधीच नव्हता. मग तो संसार चालला कोणाच्या जिवावर? गावाच्या. मुलगा लहानाचा मोठा गावात झाला, दुखणाईत झाला की गावी गेला, हातपाय थकले की गावीच जाऊन टेकला. त्याच्या बालपणाचा, आजारपणाचा आणि म्हातारपणाचा खर्च गावाने उचलला, आणि मालकाने फक्त उमेदीच्या वर्षांचे दाम मोजले. गावात राहणे स्वस्त होते हे खरे. परंतु ती स्वस्ताई आकाशातून पडत नव्हती. भाजावळ, लावणी, काढणी, गुरेढोरे, विहिरीचे पाणी, रानातला लाकूडफाटा, सारे बाईच्या अंगावर. तिच्या मजुरीची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नाही. 2011च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया आहेत, आणि मुंबई शहर जिल्ह्यात 832. या दोन आकड्यांत आमच्या मते कोकणचा अर्धा इतिहास सामावलेला आहे.

गावच्या घराने आणखी एक काम केले. त्याने संप लढविले. 1928 साली गिरणी कामगारांनी सहा महिने संप चालविला, तेव्हा शहरात उपाशी बसण्यापेक्षा हजारो लोक गावी गेले आणि शेतावर राबून दिवस काढले. ज्याला घरी मूठभर भात आहे त्याला मालक लवकर वाकवू शकत नाही. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तेव्हाही लोक याच आधाराकडे धावले. आम्ही तेव्हा शाळकरी वयाचे होतो, परंतु बोचकी घेऊन एस.टी.च्या रांगेत उभी राहिलेली कुटुंबे आम्हांला चांगली आठवतात.

मात्र या वेळी गावाचा आधार पुरला नाही. सहा महिने पाहुणा म्हणून पोसणे वेगळे आणि कायमचा वाटेकरी म्हणून सामावून घेणे वेगळे. संप कधीच विधिवत मागे घेतला गेला नाही आणि एक लाखाहून अधिक कामगारांना पुन्हा खाते दिसले नाही. गावी गेलेल्यांना कळून चुकले की, भावाभावांत तुकडे पडलेल्या जमिनीत भात निघते ते चार-सहा महिन्यांचे. आजवर गावचे घर मनिऑर्डरवर उभे होते. मनिऑर्डर करणाराच परत आल्यावर तिकडची आवक थांबली आणि इकडे खाणारे तोंड वाढले. कित्येकांनी मिळेल त्या भावाने मुंबईची खोली विकली. नंतर मुलांना नोकरीसाठी मुंबईला पाठविण्याची वेळ आली, तेव्हा त्याच शहरात खोली घेणे त्यांच्या आवाक्याबाहेर गेले होते. वाचकांनी आणि श्रोत्यांनी मनात ठेवावी अशी ही गोष्ट आहे. गावची वाट केव्हाही मोकळी असते. मुंबईची वाट एकदा सोडली की बहुधा बंद होते.

त्यानंतर कोकणात काहीच झाले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. 1990 पासून रोजगार हमीच्या जोडीने फळबाग योजना आली आणि कातळावर आंबा-काजू उभा राहिला. 1997 साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. 26 जानेवारी 1998 रोजी कोकण रेल्वे पूर्ण मार्गावर धावू लागली. मालवण-तारकर्लीला, गणपतीपुळ्याला राहण्या-जेवण्याची सोय करून अनेक घरे सावरली. तरीही 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16,96,777 होती, ती 2011 साली 16,15,069 झाली. सिंधुदुर्गाचीही घटली. रेल्वेने माणसे आणली तशी नेलीही.

याचे कारण काय? कोकणात काम नाही, हे म्हणणे पुरतेपणी खरे नाही. रत्नागिरीच्या आंब्याच्या बागा राखायला आणि मच्छीमार बोटींवर राबायला नेपाळातून माणसे येतात. काम आहे, परंतु ते हंगामी आहे. आंबा उन्हाळ्याचे दोन-अडीच महिने, पर्यटक दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात. पावसाळ्यात बोटीही किनाऱ्याला आणि खोल्याही रिकाम्या. त्यातून 2020 सालचे निसर्ग वादळ आले. त्याने दापोली-श्रीवर्धनच्या बाजूला एका दिवसात पिढ्यांच्या नारळी-पोफळीच्या बागा झोपविल्या. त्याच वर्षीच्या टाळेबंदीत चाकरमानी गावाकडे आले, गावाने त्यांना पुन्हा एकवार पोसले, आणि कामे सुरू होताच बहुतेक परत गेले. हा धडा तिसऱ्यांदा मिळाला.

तेव्हा जो कोणी आज जाऊ इच्छितो त्याने हिशेब कसा मांडावा? आमच्या अनुभवाने चार रकाने आखावेत. पहिला, भाडे किती वाचते हा नव्हे, तर वर्षातले किती दिवस रोख मजुरी मिळते हा. दुसरा, ज्या वस्तूंचा भाव गावातही शहराइतकाच असतो त्यांचा : गॅस, औषध, मोबाइल, मुलांची पुस्तके, आणि ज्यांचा भाव गावात जास्त पडतो त्यांचा, म्हणजे प्रवास आणि इस्पितळ. अलीकडे सिंधुदुर्ग व रत्नागिरी येथे सरकारी वैद्यकीय महाविद्यालये निघाली, ही मोठीच सोय. परंतु मोठ्या दुखण्याला सावंतवाडीकडचा माणूस आजही गोव्यात बांबोळीला धाव घेतो. तिसरा रकाना घराचा : कौले, वासे, वाळवी, आणि चैत्र-वैशाखात तळ गाठणारी विहीर. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत जास्त विसरला जाणारा. ही स्वस्ताई घरातले कोण आपल्या अंगमेहनतीने भरून देणार आहे? नवरा "गावी सुखाने राहू" म्हणतो तेव्हा पाणी कोण भरणार आणि पाहुण्यांची ताटे कोण वाढणार, हे बायकोला विचारून मग तो रकाना भरावा.

आमचे म्हणणे जाऊ नये असे नाही. पेन्शनवाल्याने, हाताला कसब असलेल्याने, घरबसल्या शहराचे काम करू शकणाऱ्याने जरूर जावे. शक्य तोवर शहरातली खोली मात्र राखावी. परंतु ज्यांचे हातावर पोट आहे त्यांच्यासाठी हा प्रश्न एकेकट्याने वहीत सोडवून सुटणार नाही. हॉटेलातल्या पोऱ्याला, बागेतल्या गड्याला, घरगुती खानावळ चालविणाऱ्या बाईला बारमाही काम, किमान वेतन आणि म्हातारपणाची तरतूद मिळाली, तरच कोकण राहण्याजोगे होईल. गावाने दीडशे वर्षे गिरणीमालकांचा खर्च उचलला. आता हॉटेलमालकांचा आणि बंगलेवाल्यांचाही त्यानेच उचलावा काय, हा प्रश्न आम्ही आपल्यापुढे ठेवतो आणि आपली रजा घेतो.