कालवड हवी, गोऱ्हा नको

फुलचूर हे गोंदियाला लागून असलेलं, भाताच्या पट्ट्यातलं गाव. या पट्ट्यात चिखलणी बैलांनीच व्हायची, त्यामुळे गाय व्याली की गोऱ्ह्याचं कौतुक. पोळा हा बैलांचाच सण. मग ट्रॅक्टर आला आणि गोऱ्हा म्हणजे चाऱ्याचा खर्च झाला. २०१५ पासून राज्यात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आहे. मग नको असलेल्या गोऱ्ह्याचं करायचं काय?

या पेचावर उपाय म्हणून लिंगनिश्चित वीर्याच्या कांड्या आल्या. कालवड देणाऱ्या एक्स शुक्राणूत वाय शुक्राणूपेक्षा सुमारे चार टक्के जास्त डीएनए असतो. रंगद्रव्य लावलं की लेसरखाली एक्स जास्त चमकतो आणि यंत्र त्याला वेगळं काढतं. अमेरिकेतल्या बेल्ट्सव्हिलच्या सरकारी केंद्रात लॉरेन्स जॉन्सन यांच्या गटाने १९८९ मध्ये अशा शुक्राणूंपासून सशाची पिल्लं मिळवली. आज शंभर वासरांत नव्वदच्या आसपास कालवडी होतात. मात्र या खटाटोपात शुक्राणू अशक्त होतात, त्यामुळे गाय गाभण राहण्याचं प्रमाण थोडं घटतं.

आता दुसरी बाजू बघू. गर्भलिंगनिदानाविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला. २००३ पासून केंद्राच्या कायद्याने माणसांत गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही गुन्हा ठरवली. म्हणजे ज्या तंत्राला गोठ्यात अनुदान मिळतं, त्यालाच घरात शिक्षा आहे. गोठ्यात आपण उपयोग पाहून निवड करतो. कालचा लाडका गोऱ्हा आज नकोसा झाला, तो याच हिशेबाने. माणसाच्या लेकराला हा हिशेब लावायचा नाही, एवढंच कायदा आपल्याला सांगतो.