काला अंबचा रस्ता कोणाचा?

दिल्लीला बदली होऊन आलेला मराठी माणूस पहिल्या वर्षभरात केव्हातरी पानिपतला जाऊन येतो. मीही गेलो, पुढे गावाकडून पाहुणे आले की त्यांना घेऊन जात राहिलो. अंतर सुमारे नव्वद किलोमीटरचे. आजचा राष्ट्रीय महामार्ग ४४, म्हणजे क्रमांक बदलण्यापूर्वीचा महामार्ग १, हा ढोबळमानाने जुन्या बादशाही सडकेच्याच वाटेने उत्तरेकडे जातो. शहरातील गर्दीवरून नेणारा उन्नत मार्ग २००८ साली खुला झाला, तेव्हापासून पानिपत कधी आले आणि कधी गेले हे पुष्कळ प्रवाशांना कळतही नाही. काला अंबला जायचे तर मात्र महामार्ग सोडावा लागतो. शहरापासून आठेक किलोमीटरवर कुंपण घातलेली एक बाग आहे आणि तीत विटांचा एक स्तंभ. रणभूमीवरील रक्ताने येथील आंब्याचे झाड काळे पडले, अशी दंतकथा आहे. झाड केव्हाच गेले, नाव राहिले.

काही वर्षांपूर्वी माझे मामा दिल्लीला आले होते. महाराष्ट्रात जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात ते ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन वीस वर्षे लोटली होती. स्तंभासमोर ते बराच वेळ हात जोडून उभे राहिले. परतताना मात्र त्यांची नजर रस्त्यावर होती. बाजूपट्टी, गटार, डांबराची कड असे सगळे न्याहाळून त्यांनी मला विचारले, “हा रस्ता कोणाकडे आहे रे?”

मी भारत सरकारचा अधिकारी, पण मला उत्तर देता येईना. चहाच्या टपरीवाल्याला विचारले, तर तो म्हणाला, “सरकार की सै जी.” ट्रॅक्टर उभा करून चहा घेणाऱ्या एका शेतकऱ्याने रस्ता मंडी बोर्डाचा असल्याचे सांगितले. तिसऱ्याच्या मते तो बांधकाम खात्याचा होता. मामा हसून म्हणाले, “तिघांचेही आपापल्या परीने खरे असेल. पण याचा मैलकुली कोण, हे एकालाही ठाऊक नाही.”

महाराष्ट्राबाहेर वाढलेल्या मुलांच्या कानांवर ‘मैलकुली’ हा शब्द पडला नसेल. रस्त्याचा ठरावीक तुकडा ज्याला नेमून दिलेला असे, तो मजूर म्हणजे मैलकुली. पावसाळ्यापूर्वी गटारे मोकळी करायची, बाजूपट्टीवर मुरूम टाकायचा, खड्डा लहान असतानाच खडी-मुरमाने बुजवून वर धुम्मस करायचे, हे त्याचे काम. फावडे, टिकाव आणि घमेले ही त्याची हत्यारे. माझ्या लहानपणी आमच्या गावच्या रस्त्यावरचा मैलकुली साऱ्या गावाला नावाने ठाऊक होता. खड्डा राहिला तर लोक सरकारला बोल लावीत नसत. त्यालाच गाठून विचारीत. पुढे हा माणूस हळूहळू दिसेनासा झाला. रस्ता कोणी बांधला हे सांगायला कोनशिला असते. तो कोणी राखायचा हे सांगणारी एकमेव खूण हा मैलकुली होता.

मामांच्या प्रश्नाचा इतिहास मात्र जुना आहे. उत्तरेकडील सडकेशी आपण शेरशहाचे नाव जोडतो. मोगलांनी तिच्यावर उभारलेले कोसमिनार आजही हरियाणात ठिकठिकाणी उभे आहेत. सराया, विहिरी, सावलीची झाडे या सर्वांच्या मागे बादशहाची आज्ञा असे. ती रोज राखणे मात्र त्या त्या भागातील जहागीरदारांवर आणि जमीनदारांवर सोपविलेले असे. केंद्र बळकट असेपर्यंत ही सोपवणूक चाले. ते दुबळे झाले की मिनार उभे राहत, मार्ग मात्र कोणाचाच राहत नसे.

पानिपतच्या मोहिमेकडेही या दृष्टीने पाहता येते. १७६० च्या ऑगस्टमध्ये भाऊसाहेबांनी दिल्ली घेतली, १७ ऑक्टोबरला कुंजपुरा घेतला. त्याच महिन्याच्या अखेरीस अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून आला आणि मराठी फौज व दिल्ली यांच्या मध्ये बसला. त्यानंतरचे अडीच महिने हा लढाईपेक्षा रसदेचा इतिहास आहे. पतियाळ्याच्या आलासिंगाकडून काही काळ धान्य येत राहिले. दुआबातून अब्दालीची रसद तोडू पाहणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले. जानेवारीच्या आरंभी दिल्लीहून खजिना घेऊन निघालेल्या स्वारांची तुकडी अंधारात वाट चुकली आणि आपली छावणी समजून शत्रूच्या छावणीत शिरली. १४ जानेवारी १७६१ रोजी लढाईस उभे राहिलेले लोक उपाशी होते. युद्धातील रसदेचा मार्ग आणि जिल्ह्याचा रस्ता या एक गोष्टी नव्हेत, हे मला मान्य आहे. तरी एक साम्य नजरेआड करता येत नाही. नर्मदेपासून पानिपतपर्यंतचा मार्ग जिंकलेला होता. तो राखण्याची कायमची नेमणूक कोठेच नव्हती. ज्या त्या सरदाराच्या मर्जीवर आणि ऐपतीवर तो अवलंबून होता.

पानिपतानंतरच्याच पिढीत अहिल्याबाई होळकरांनी याच्या उलट वागून दाखविले. देशभर त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा बांधल्या हे आपण शाळेत शिकतो. प्रशासनाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची गोष्ट अशी की त्या बांधून थांबल्या नाहीत. पुढील व्यवस्थेसाठी खासगीच्या उत्पन्नातून नेमणुकाही करून दिल्या.

इंग्रजी अमलात या प्रश्नाला प्रथम कायद्याचे रूप मिळाले. मुंबई इलाख्यात १८६३ च्या सुमारास शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा जादा घेण्यास आरंभ झाला आणि १८६९ च्या कायद्याने त्यास पक्का आधार मिळाला. हाच लोकल फंड. त्यातील दोन तृतीयांश रस्त्यांसाठी आणि उरलेला शाळांसाठी राखून ठेवलेला असे. पंजाबात, ज्यात तेव्हा पानिपत मोडत असे, १८७१ साली असाच स्थानिक कर आला. पुढे १८८२ च्या मे महिन्यात लॉर्ड रिपनचा स्थानिक स्वराज्याचा ठराव झाला. त्यामागोमाग पंजाबात १८८३ साली जिल्हा मंडळांचा आणि मुंबईत १८८४ साली लोकल बोर्डांचा कायदा झाला. सरकारच्या सोयीच्या मोठ्या सडका सरकारकडे राहिल्या. गावे जोडणारे रस्ते जिल्ह्याच्या गळ्यात पडले. तरीही या व्यवस्थेत एक सरळपणा होता. रस्ता जिल्ह्याचा होता, त्यासाठीचा पैसा जिल्ह्यातील शेतकऱ्याने दिलेला होता आणि तो कशासाठी हे ठरलेले होते.

दोष उत्पन्नाच्या स्वरूपात होता. मुंबई इलाख्यात शेतसारा एकदा ठरला की साधारणतः तीस वर्षे बदलत नसे. मग त्याच्या सोळाव्या हिश्शाने येणारा पैसा तरी कसा वाढणार? विसाव्या शतकात मोटार आली. रस्त्यांची झीज अनेक पटींनी वाढली. पण पेट्रोल आणि मोटारी यांवरचा कर जिल्ह्याला मिळत नव्हता. खर्च खाली आणि उत्पन्न वर, अशी ही फारकत होती.

ती ओळखणाऱ्या समितीचे अध्यक्ष एक मराठी गृहस्थ होते, हे आपल्यापैकी थोड्यांना ठाऊक असते. बॅरिस्टर मुकुंदराव जयकर यांना आपण कायदेपंडित आणि पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू म्हणून ओळखतो. १९२७ साली नेमलेल्या रस्ते विकास समितीचे ते अध्यक्ष होते. रस्त्यांचा भार प्रांतांना आणि स्थानिक संस्थांना पेलवण्याजोगा राहिलेला नाही. तेव्हा रस्ते हा राष्ट्रीय हिताचा विषय मानावा आणि पेट्रोलवर जादा कर घेऊन स्वतंत्र निधी उभारावा, असे या समितीने सांगितले. त्याप्रमाणे १९२९ साली दर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसून केंद्रीय रस्ते निधी अस्तित्वात आला.

पुढची पायरीही महाराष्ट्राच्याच भूमीवर पडली. १९४३ च्या डिसेंबरात देशातील मुख्य अभियंते नागपुरास जमले आणि त्यांनी रस्त्यांची वर्गवारी केली: राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, प्रमुख व इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग. दर शंभर चौरस किलोमीटरमागे सोळा किलोमीटर रस्ता, हे त्या नागपूर योजनेचे उद्दिष्ट होते. ही वर्गवारी आजही चालते. महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या. तेथे इतर जिल्हा मार्ग आणि ग्रामीण मार्ग आज प्रामुख्याने त्यांच्याकडे असतात. हरियाणात बांधकाम खात्याबरोबरच कृषी पणन मंडळही बाजार शुल्काच्या उत्पन्नातून जोडरस्ते बांधते. टपरीवरील शेतकऱ्याच्या उत्तराचे मूळ येथे आहे.

वर्गवारी झाली तशी जबाबदारीही वाटली गेली. पैसा मात्र वाटला गेला तो प्रामुख्याने बांधण्यासाठी. याला आम्ही अंदाजपत्रके करणारे बरेच जबाबदार आहोत. २०१६-१७ पर्यंत सरकारी खर्चाचे ‘योजना’ आणि ‘योजनेतर’ असे दोन भाग असत. नवा रस्ता हा योजनेचा, म्हणजे विकासाचा खर्च. त्याची डागडुजी हा योजनेतर, म्हणजे आवरण्याजोगा खर्च. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्यापुढे देखभालीच्या मागणीची एक नस्ती आली होती. खर्चात सरसकट कपात करा असा वरून आदेश होता. मी त्या शीर्षाखालील रक्कम निम्मी केली आणि काटकसर केल्याचे समाधान मानले. वरिष्ठांनी शेरा मारला, तोही कौतुकाचा. अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेऊन आलेल्या मला तेव्हा हे सुचले नाही की मी काटकसर केलेली नसून कर्ज काढले आहे. न केलेली दुरुस्ती हे कर्जच होय. फरक इतकाच की ते वित्तीय तुटीत दिसत नाही. गटार तुंबते, पाणी डांबराखाली जाते, खालचा थर सुटतो आणि काही पावसाळ्यांनंतर सबंध रस्ता नव्याने करावा लागतो. त्याचे व्याज सरकारच्या आधी गावकरी भरतात: दूध वेळेवर न पोहोचल्याने, एस.टी.ची फेरी बंद झाल्याने, बाळंतिणीला रुग्णालयात नेताना झालेल्या उशिराने.

अलीकडे या चुकीची जाणीव झाली आहे, हेही नमूद केले पाहिजे. २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत रस्ता बांधणाऱ्या ठेकेदारावरच पाच वर्षांच्या देखभालीचे बंधन घातले गेले. बाराव्या वित्त आयोगाने रस्ते व पुलांच्या देखभालीसाठी राज्यांना १५,००० कोटी रुपयांची शिफारस केली. विजय केळकरांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या आयोगाने ती १९,९३० कोटींवर नेली. नेहमीच्या खर्चाची जागा या पैशाने भरू नये, अशी अटही होती. तरी सहाव्या वर्षाचे काय आणि आयोगाची मुदत संपल्यावर काय, हे प्रश्न उरतातच.

अमेरिकेतील वाचक रोज ‘काउंटी रोड’वरून जात असतील, निळ्या पंचकोनी पाटीवरील पिवळे अक्षर त्यांच्या परिचयाचे असेल. तेथील चाळीस टक्क्यांहून अधिक सार्वजनिक रस्ते काउंट्यांकडे आहेत. इंग्लंडात १५५५ च्या कायद्याने रस्त्यांची दुरुस्ती पॅरिशवर सोपविली आणि गावकऱ्यांना वर्षातून चार दिवस त्यासाठी राबायला लावले. मुख्य रस्ते काउंटी कौन्सिलांकडे जाण्यास १८८८ चा कायदा यावा लागला. म्हणजे जबाबदारी ठरवायला त्यांनाही तीन शतके लागली. खड्डे तेथेही पडतात. पण खड्ड्याची तक्रार कोठे करायची हे बहुधा ठाऊक असते, आणि ज्याच्याकडे करायची त्याला स्वतःचे करही असतात.

माझ्या मते आपल्याकडे तीन गोष्टी व्हाव्यात. पहिली, प्रत्येक जिल्हा मार्गावर आणि ग्रामीण मार्गावर तो कोणाच्या ताब्यात आहे, शेवटची दुरुस्ती केव्हा झाली आणि पुढची केव्हा व्हायची आहे, याचा फलक असावा. बांधून पाच वर्षे झालेल्या रस्त्यावर तर हटकून असावा. दुसरी, इंधनावरील कराचा ठरावीक वाटा रस्त्याच्या लांबीच्या प्रमाणात थेट जिल्हा परिषदांना मिळावा आणि तो फक्त देखभालीवरच खर्चता यावा. एक आण्यातील दोन तृतीयांशांचा जुना नियम हाच होता. फक्त शेतसाऱ्याच्या जागी आज वाढते उत्पन्न हवे. तिसरी, ठेका असो वा नेमणूक, प्रत्येक तुकड्याला एक माणूस असावा आणि तो गावाला नावाने ठाऊक असावा.

त्या दिवशी परत महामार्गाला लागल्यावर मामा म्हणाले, “याची काळजी नको. याला वाली आहे.” नंतर बराच वेळ ते खिडकीबाहेर पाहत राहिले. मामा आता नाहीत. दर १४ जानेवारीला काला अंबला मराठी माणसे जमतात, माल्यार्पण होते, भाषणे होतात. जमेल तेव्हा मीही जातो. स्तंभाला नमस्कार करून बाहेर पडलो की टपरीवर चहा घेतो आणि कोणाला तरी तोच प्रश्न विचारतो. नेमके उत्तर अजून मिळालेले नाही.