लवळें येथील नांव घातलेलें पातेलें

पुण्याच्या पश्चिमेस मुळशी तालुक्यांत लवळें हें गांव आहे. तेथील टेकडीवर आज सिंबायोसिस विद्यापीठाच्या इमारती उभ्या असून गांवांतील जुन्या घरांच्या जागीं नवीं घरें येत आहेत. अशा एका जुन्या घरीं कागदपत्रें पाहावयास म्हणून आम्ही गेलों होतों. कागद म्हणण्यासारखे मिळाले नाहींत. परंतु स्वयंपाकघरांत जें पाहिलें, तें संग्राहकांच्या नजरेस आणावें असें वाटल्यावरून हें टिपण लिहीत आहों. घर नांदतें असल्यामुळें घरधन्यांचें नांव येथें दिलें नाहीं.

वर्णन.— पातेलें पितळेचें असून रोजच्या वापरांत आहे. सात-आठ माणसांचा भात त्यांत सहज होतो. आंतून कल्हई केलेली असून बाहेरच्या अंगावर मठारकामाचे ठोके अद्याप हातास लागतात. कांठाखालीं बारीक ठिपक्यांनीं कोरलेली एकच ओळ आहे.

वाचन.— आरंभीं ‘चि. सौ. कां.’ हीं अक्षरें स्पष्ट आहेत. पुढें मुलीचें नांव, व त्यापुढें ‘यांस मामांकडून’ असें आहे. शेवटीं ‘शके’ हा शब्द लागतो. आंकडे मात्र चिंचेनें व राखेनें घासून घासून पुसून गेले आहेत. पातेलें आपल्या आजेसासूबाईंच्या लग्नांत आलेलें, असें घरांतील वडील बाईंनीं सांगितलें. परंतु त्यांवरील नांव वाचून दाखवितांच त्या थांबल्या. आजेसासूबाईंचें हें नांव त्यांनीं कधीं ऐकलेंच नव्हतें.

विवेचन.— ‘चि. सौ. कां.’ म्हणजे चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी. हें बिरुद लग्न ठरलेल्या मुलीस लावतात. लग्न लागल्यावर तीच ‘सौ.’ होते. तेव्हां ही ओळ विवाहापूर्वीं, विवाहाकरितांच कोरली गेली हें उघड आहे. सासरीं गेल्यावर मुलीचें नांव बदलण्याची आपली चाल सर्वांस ठाऊकच आहे. म्हणून जन्मनांव पातेल्यावर राहिलें व सासरचें नांव घरच्यांच्या स्मरणांत राहिलें. पातेलें नसतें तर पहिलें नांव त्या घरांतून कायमचें गेलें असतें.

दुसरें असें कीं, मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले असून त्यांत अध्यग्नि, म्हणजे विवाहाग्नीसमोर दिलेलें धन, प्रथम येतें. पिता, माता व भ्राता यांच्याप्रमाणें मामाचा तेथें निराळा निर्देश नाहीं; तरी विवाहसमयीं दिलेलें म्हणून हें पातेलें अध्यग्नि या सदरांत बसतें. आमच्या दप्तरांत सनदा, महजर व हिशेब यांचे ढीग आहेत, व त्यांत बहुतेक नांवें पुरुषांचीं. सामान्य घरांतील स्त्रीच्या मालकीचें कांहीं होतें याचा लेखी पुरावा हवा असेल, तर तो चुलीवर शोधावा लागेल.

हा पुरावा किती झपाट्यानें नाहींसा होत आहे, हेंही त्याच घरांत समजलें. या पातेल्याच्या जोडीचा एक तांब्याचा हंडा होता. स्टीलचीं भांडीं घेतलीं तेव्हां तो मोडींत घातला. त्यावरही कांहीं लिहिलेलें होतें. काय, तें आतां कोणास सांगतां येत नाहीं. मोड वजनावर घेतली जाते, अक्षरांवर नव्हे. पोथी जळाली तर तिची दुसरी प्रत कोठें तरी मिळण्याची आशा असते. भांड्यावरील ओळीस दुसरी प्रत नसते.

कै. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांनीं दिवे, अडकित्ते व स्वयंपाकघरांतील भांडीं जमवून पुण्यास जो संग्रह उभा केला, त्याचें मोल सर्वश्रुत आहे. परंतु घरोघरचीं पातेलीं कोणत्याही संग्रहालयांत मावणार नाहींत. त्यांचें खरें संग्रहालय म्हणजे वापरतें स्वयंपाकघर. नवें न घेतां जुनेंच वापरीत राहणें हेंच तेथील जतन होय.

पितळेंत अन्न कळकतें, असा आक्षेप येईल. कल्हई उडाली असेल तर तो खरा आहे. अशा भांड्यांत आंबट पदार्थ ठेवूं नये. परंतु उपाय अवघड नाहीं. भांडें तापवून त्यांत नवसागर फिरवितात, म्हणजे मळ निघून धातु स्वच्छ होतो. मग कथील लावून बोळ्यानें सर्वत्र पसरतात. कथील २३२ अंशांवर वितळतें, तर पितळेस नऊशें अंशांच्या आसपास उष्णता लागते; म्हणून भांड्यास इजा न होतां अस्तर बसतें. पुण्याच्या कसबा पेठेंत तांबट आळी अद्याप आहे. घासण्याविषयीं म्हणावें तर तांबें, पितळ, कांसें यांस क्षार, आम्ल व उदक यांनीं शुद्ध करावें, असें मनूच्या पांचव्या अध्यायांतच आहे.

मात्र जुनें तें सारें वापरावें असा आमचा आग्रह नाहीं. त्याच घरांत जातें कोपऱ्यांत उभें आहे, व तें तेथेंच असावें. मुळशीच्या डोंगरी भागांतील बायकांच्या जात्यावरील ओव्या गी पॉइतवाँ व हेमा राईरकर यांनीं मिळविल्या. हा संग्रह पुढें महाराष्ट्रभर वाढून लाखावर गेला, व २०१७ पासून तो पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया या संस्थेमार्फत प्रसिद्ध होत आहे. त्या ओव्यांत पहांटेच्या दळणाचे कष्टही आहेत. ओव्या जपाव्या, कष्ट परत आणूं नयेत. पातेल्याची गोष्ट निराळी. तें नव्याइतकेंच काम देतें.

वापरानेंही अक्षरें झिजतात, हें वर आलेंच आहे. यास्तव ज्या वाचकांच्या घरीं नांव घातलेलीं भांडीं असतील त्यांनीं पातळ कागद लावून शिसपेन्सिलीनें ठसा घ्यावा, भांड्याचें माप व घरची माहिती त्यावरच लिहावी, आणि भांडें पुनः चुलीवर चढवावें. लवळ्याचा ठसा आम्हीं घेतला आहे. त्याची एक प्रत वडील बाईंनीं मागून घेतली व देवघरांत ठेविली.